कोरडी रेल

मामा, आज एका बाईंनी मला विचारलं, भिंत बाहेर सरकते ती कॅरव्हान, म्हणजे राहायची गाडी, चांगली की साधी चांगली, आणि उत्तर देता देता मी तुमच्यासारखा डावा तळवा हवेत आडवा धरून बोलायला लागलो. म्हणून हे लिहितोय. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं झाली. शाळा मी नववीत सोडली हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा अक्षराला हसू नका. आणि मी एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतो तेही तुम्हाला माहीत आहे. आई म्हणायची, याला मीठ आणायला पाठवलं तर हा मिठागर बघून येतो आणि मीठ विसरतो. पण सांगायचं एकच आहे. आपली ती स्लाइडवाली गाडी वाळूत अडकली तेव्हा तुम्ही म्हणालात, माप माझं चुकलं. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलात. माप चुकलं नव्हतं, मामा.

ही माणसं शारजातल्या अल नहदाची. साहेब दुबईला ऑफिसात, बाई घरी, दोन मुलं, आणि गावाहून आलेले बाईंचे वडील, ज्यांचा एक गुडघा वाकत नाही. मी हल्ली भाड्याच्या कॅरव्हान पिकअपला लावून वाळूत नेऊन उभ्या करून देतो. मधल्या काळात बर्फाच्या कारखान्यात होतो, पाण्याचा टँकर चालवला, एक वर्ष अजमानला मासळीच्या मार्केटात होतो, ते सगळं सांगत बसलो तर कागद संपेल. तर साहेब म्हणाले, "दोन्हीचे प्लस मायनस सांगा ना, डिसिजन घ्यायला बरं पडेल." मी सांगितलं. स्लाइड बाहेर काढली की खोली दीडपट होते, आजोबांना पाय लांब करून झोपता येईल, सगळ्यांना एका वेळी जेवायला बसता येईल. पण वजन वाढतं, मऊ वाळूत चाक रुततं. जमीन सपाट नसली तर पेटी तिरकी होऊन अडते. रबर इथल्या उन्हात दोन वर्षांत बिस्किटासारखं होतं, मग फटीतून वाळू आत. वारा सुटला आणि पटकन निघायचं म्हटलं तर निघता येत नाही. आणि आत ओढलेली असली की फ्रिजचं दारसुद्धा उघडत नाही. बाई हसल्या. "भाऊ, तुम्ही तर दोन्हीकडचे वकील झालात. तुमच्या घरचं कुणी असतं तर काय दिलं असतंत?" माझ्या तोंडातून निघालं, "भिंत कापली की ती भिंत राहत नाही, ताई." हे वाक्य तुमचं. मी फक्त अकरा वर्षं ते तोंडात धरून होतो.

वर्कशॉप आठवतंय ना तुम्हाला? अजमानच्या इंडस्ट्रियलमधलं, पुढे टायरवाला पठाण, मागे ती बकरी जी आपलं रबराचं पॅकिंग खायची आणि तुम्ही तिला "इन्स्पेक्टर" म्हणायचात. ज्या रबराला ती तोंड लावायची नाही ते रबर खराब, असा तुमचा हिशोब. तुम्ही होड्या बांधणारे, तुमच्या वडिलांच्या हातच्या होड्या अजून खाडीत आहेत, आणि इथे येऊन तुम्ही पत्र्याच्या गाड्या बांधत होतात, तरी फळीवरून अंगठा फिरवायची सवय पत्र्यावरही चालू. मी वीस-एकवीसचा. माझा व्हिसा तुमच्या शब्दावर झालेला. ते गिऱ्हाईक येतं, मोठ्या दाढीचा, हळू बोलणारा अरब, आणि तुमच्यासमोर मासिकातलं पान उलगडतो. अमेरिकेतली गाडी, भिंत बाहेर आलेली. त्याची आई म्हातारी, अंथरुणाला लागलेली. दर हिवाळ्यात सगळं घर पंधरा दिवस वाळूत राहायला जातं आणि म्हातारीला यायचं असतं. पण तिचा पलंग आत ठेवला तर बाकीच्यांना उभं राहायलाही जागा नाही, आणि बाहेर तंबूत तिला थंडी बाधते.

तुम्ही नाही म्हणालात. आपला अरबाब म्हणजे मालक, त्याने "यल्ला, करून टाक, काय मोठं आहे" म्हटलं, तरी नाही. "गाडीला पोट काढायचं आणि मग ते पोट आत घ्यायचं. माणसाला जमत नाही, गाडीला कुठून जमणार?" सगळे हसले. तुम्ही दोन दिवस तेच म्हणत होतात आणि दोन दिवस खिशातल्या काडेपेटीचा खण अर्धा बाहेर काढत होतात, आत ढकलत होतात. तिसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही डाळीत बोट बुडवून पाटावर रेल काढलीत. मला म्हणालात, "बघ, खालून दोन लोखंडी अँगल, त्यावर बेअरिंग फिरणार. मोटर नको, मोटर वाळूत मरते. हाताने फिरवायचं हँडल." मग महिनाभर तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत. शुक्रवारी अजमानच्या किनाऱ्यावर फिरायला जायचो तेही बंद. गाडी झाली त्या दिवशी तुम्ही पातळी बघायला पाणसळ मधोमध ठेवलीत, हँडल एका बोटाने फिरवलंत आणि भिंत बाहेर गेली. एका बोटाने, मामा. पठाण टायर सोडून बघायला आला. तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत, "रेल कोरडी ठेवायची. रोज ब्रश मारायचा, बस. तेल नाही, ग्रीस नाही. गिऱ्हाइकालाही हेच सांगायचं."

मी मान हलवली. मान हलवायला मी नेहमी पुढेच.

गाडी पोचवायच्या दिवशी तुम्ही व्हिसाच्या मेडिकलला गेलात. मी सकाळी एकदा हँडल फिरवून बघितलं तर रेल कुरकुरत होती. काही नाही, नवं लोखंड, पण तो आवाज मला लागला. तुमच्या कामातून कुरकुर येते आणि ती गिऱ्हाइकाची पोरं हसणार, असं काहीतरी मनात आलं. आणि आपल्या हाताला वळण कुठलं? खाडीचं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवलं तर आजोबा, तुमचे वडील, हातावर छडी द्यायचे. नांगराची कडी असो, सुकाणूची पट्टी असो, कोरडी दिसली की ओंजळभर ग्रीस थापायचं, लहानपणापासून तेच. मी थापलं. दोन्ही रेलना, वरून खालून, मूठ भरभरून. आवाज गेला. मला वाटलं, तुम्ही आलात की सांगेन, मामा, तुमच्या एका बोटाचं मी अर्ध्या बोटावर आणलं. समुद्राच्या काठी ग्रीस लोखंड वाचवतं. वाळवंटात ते वाळू धरून ठेवतं, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही शब्दांत सांगितलं होतंत, पण हाताने ऐकलं नाही.

इथे थांबून तुम्हाला एक सांगायचं आहे जे मी कधीच सांगितलं नाही, आणि हे न सांगणं मला त्या दुसऱ्यापेक्षा जास्त टोचतं. तुम्ही ती गाडी चालू असताना पाहिलीच नाही. माणसं आत असताना. मी पाहिली. मी ती वाळूत लावली, जॅक दिले, पाणसळ बघितली, हँडल फिरवलं, भिंत गेली बाहेर, आणि चार मुलग्यांनी आईला उचलून त्या पोटात ठेवलं. पलंग तिथे असा बसला, जसा काही तिचाच कोनाडा. मग बाकीचे खाली गोल बसले, भाताचं मोठं ताट मधे, आणि म्हातारीने पडल्यापडल्या हात खाली केला तर तो ताटापर्यंत पोचला. त्यासाठीच तर होतं सगळं. ती सगळ्यांबरोबर जेवली, मामा. नातवाने तिच्या हातात मांसाचा तुकडा दिला तर तिने तो परत त्याच्याच तोंडात घातला. मला दारातून बोलावलं, "तआल, तआल," ये म्हणून, आणि मला खजूर दिले. तिने भिंतीवर हात फिरवला. अंगठ्याने. तुमच्यासारखा. मी परत येऊन तुम्हाला काय सांगितलं? "लावली. ओके आहे." तुम्ही विचारलंत, "बसली नीट?" मी म्हटलं, "हो." आणि मॅच बघायला पठाणाकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. गिऱ्हाइकाचा फोन आला तसं अरबाबने मला पिकअप घेऊन पुढे पाठवलं, तुम्ही त्याच्या गाडीतून मागून निघालात. मी पोचलो तेव्हा भिंत ना आत ना बाहेर, मधेच. रेलवर काळी कणीक झालेली, ग्रीस आणि वाळूची. मुलग्यांनी खांदे लावून ढकललं होतं, म्हणून एक अँगल वाकला होता. फटीतून वाळू सरळ आत पलंगावर. ते आईला गालिच्यावर घालून बाहेर काढत होते, चार कोपरे चौघांनी धरलेले, आणि ती तोंडावर पदर ओढून, त्यांच्याकडे पदर म्हणत नाहीत, पण तुम्हाला कळलं. मी गाडीखाली शिरलो. त्यांना वाटलं दुरुस्त करतोय. मी पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून रेल पुसत होतो. दोन्ही. लख्ख. चिंध्या वाळूत पुरल्या. मग तुम्ही आलात, खाली वाकलात, कोरड्या स्वच्छ रेलवरून अंगठा फिरवलात, वाकलेल्या अँगलवर थांबलात. किती वेळ थांबलात. मी तुमच्या मागे उभा होतो, हाताला पेट्रोलचा वास, आणि मला अजून वाटतं की तुम्हाला तो वास आला असेल. पण पेट्रोलचा वास कुठे येत नव्हता तिथे?

तुम्ही उठलात आणि सरळ त्यांच्या मोटारीत बसवलेल्या म्हातारीकडे गेलात. तिच्या केसांत वाळू होती. तुम्ही डोकं खाली घालून तुमच्या मोडक्या अरबीत म्हणालात, "आना गलतान." मी चुकलो. ती म्हणाली, "मालेश," असू दे. अरबाब नुसतं खलास, संपलं, म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामाला लावलं. तुमची नोकरी गेली नाही, पगार कापला नाही. लोकांना वाटलं थोडक्यात निभावलं. पण कानावरची पेन्सिल तुम्ही काढलीत ती परत ठेवली नाहीत. माप दुसऱ्याला घ्यायला लावायचात आणि तुम्ही कापायचात. वर्षभर पाण्याच्या टाक्यांचे स्टँड जोडलेत आणि मग एक दिवस म्हणालात, आता गावी जातो. आईचं पत्र आलं होतं मला नंतर, की मास्तर टेबल करून घ्यायला आले, तीन खणांचं, तर दादाने त्यांना दुसऱ्या सुताराकडे पाठवलं. म्हणाला, सरकणारं काम माझ्याकडून होत नाही. ते पत्र मी घडी घालून ट्रंकेत बनियनच्या खाली तळाला ठेवलं, आणि तिथली नोकरी बदलली. पुढेही बदलत राहिलो. लोक म्हणतात याच्या पायाला भोवरा आहे. असेल. पण मला एक माहीत आहे, जिथे कुणी माझ्याकडे बघून "हा नीट काम करतो" म्हणायला लागलं, तिथून मी निघालो.

आता दुपार आहे, मी पिकअपच्या सावलीत बसून डिलिव्हरीच्या फॉर्मच्या मागे हे लिहितोय. ताईंनी शेवटी स्लाइडवालीच घेतली. आजोबांसाठी. त्यांचा धाकटा आतून ओरडतोय, "डॅड, लुक, द वॉल इज मूव्हिंग!" आणि आजोबा म्हणतायत, "अरे मराठीत सांग, काय हलतंय ते." मी सकाळी रेल ब्रशने झाडली, तीन वेळा, आणि साहेबांना समोर बसवून सांगितलं, कोरडी ठेवायची, तेल नाही, ग्रीस नाही. ते म्हणाले, "हो हो, कळलं." मी म्हटलं, साहेब, मान हलवू नका, परत म्हणून दाखवा. ते जरा चमकले, पण त्यांनी म्हणून दाखवलं. तुमची गाडी चांगली होती, मामा. आज उभ्या आहेत त्या सगळ्यांपेक्षा चांगली. एका बोटाने जायची.

हे पाठवायचं कुठे? मामीकडे पाठवलं तर ती कुणाकडून वाचून घेणार, आणि वाचणारा आधी सगळ्या वाडीला सांगणार. ठेवतो गाडीच्या कप्प्यात. एक राहिलं. तुम्ही अंथरुणाला होतात तेव्हा मी शारजाहून कार्डाच्या बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला होता. तुम्हाला धरून आणलं होतं त्यांनी ओटीवर. श्वास लागत होता तरी तुम्ही तब्येतीचं बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, "अरे, एक सांग. मी दोन इंची अँगल घातला. तीन इंची घालायला हवा होता ना?" मी म्हटलं, "हो मामा. तीन हवा होता." तुम्ही म्हणालात, "मलाही तेच वाटत होतं." फोन ठेवला नाहीत, नुसते थांबलात, जसे त्या रेलजवळ थांबला होतात. आणि मी म्हटलं, मामा, कार्ड संपतंय, ठेवतो.

कार्ड संपत नव्हतं. बूथच्या काचेवर आकडा दिसत होता, अजून सात मिनिटं होती.