वजनाच्या खोलीतली जागा

मी ईश्वर बिरू टकले, वय २६, शिक्षण नववी, राहणार खुटबाव, तालुका दौंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, कोणी न शिकवता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात कापतात, म्हणून सही वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

१. घराचा माझा हिस्सा आई साखरबाई हिला. सायकल चुलतभाऊ स्वराजला. ब्रेक आधी बदलावेत.

२. कारखान्याने मोडीत काढलेला जुना तराजू व पितळी वजनांची पेटी खुटबावच्या शाळेला द्यावी. वजने चिमट्यानेच उचलावीत. बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो.

३. पोस्टातली सर्व शिल्लक धाकटी बहीण अंकिता हिला, दौंडला नर्सिंग शिकण्यासाठी. अट एकच. शिरूरजवळच्या कीटकनाशकाच्या कारखान्यात माझ्या जागेवर तिने जाऊ नये.

कारण लिहून ठेवतो. मी तिथे वजनाच्या खोलीत आहे; हात कापतात म्हणून आता माझ्या जागी दुसरे माणूस घेणार आहेत. विषाची भुकटी काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलतो. भिंतीत हवा ओढणारा पंखा आहे, पण तो लावला की काटा ठरत नाही. म्हणून तोलताना पंखा बंद, खिडकी बंद, अशी तिथली रीत आहे. रीत चुकली की सुपरवायझर ओरडतात, "वाऱ्याचं वजन करायला ठेवलंय का तुला?" पंखा बंद असला की वजन बरोबर येते आणि भुकटी माणूस ओढतो.

माझ्याआधी तिथे आमचे हनुमंतमामा होते. त्यांचेही आधी हात कापू लागले, मग तोंडाला लाळ, मग दिसेना. कारखान्यात म्हणाले, दारूने गेला. मामा माळकरी होते. हे बोलणाऱ्यांपैकी कोणीही माझ्या मातीला येऊ नये.

४. माझा मृत्यू झाल्यास सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नये. अहवाल अंकिताच्या हातात द्यावा.

५. वडिलांना, म्हणजे आबांना, माझे घड्याळ. त्यांच्यावर राग नाही. पण काल ते जेवताना म्हणाले, "घरातली जागा हाय, ती दुसऱ्याला द्यायची व्हय रं? सावलीतलं काम हाय, चिखल न्हाई, ऊन न्हाई."

मी म्हणालो, "आबा, मामा कशानं गेले?"

आबा भाकरी मोडत राहिले.

अंकिता हसून म्हणाली, "दादा, तुझा हात कापतोय म्हंजी माझाबी कापंल व्हय? तू लहानपणापास्नं भित्राच!"

मी भित्रा आहे, हे मान्य आहे. तिने ते लोकांत सांगितले तरी चालेल.

६. पहिले साक्षीदार आबा होणार होते. तिसरे कलम वाचून त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "सोमवारी बोलावलंय तिला. मी व्हय म्हणून आलोय." त्यांच्या जागी शेजारच्या तानुबाईंना बोलावले आहे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मरणाची वाट पाहिली तर तिला उशीर होईल. म्हणून सोपानराव, तुम्ही दुसरे साक्षीदार आहात, तुम्ही हे उद्या रविवारी सकाळीच, मी जिवंत असताना, अंकिताला बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. मी समोर बसेन. माझ्या हातांकडे तिला बघू द्यावे.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, बरोबर आहे.

सही : ईश्वर बिरू टकले

साक्षीदार :
१) तानुबाई (डाव्या हाताचा अंगठा)
२) सोपानराव कोळपे (सही)

मुक्काम खुटबाव, शनिवार, १७ फेब्रुवारी २००१