शून्य परत घेण्याबाबत

मी, बिसनाथ गयादीन, वय चौऱ्याहत्तर, राहणार लामी, पॅसिफिकमधल्या आमच्या बेटावर, सुवा शहराच्या अलीकडे. धंद्याने इंजिन-मिस्त्री आणि नंतरची बावीस वर्षं विद्यापीठात सागरी इंजिनांचा शिक्षक. आज लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोकडेही दाखला मागितला होता, तिने विचार करून सांगते म्हटलं.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दारू घेतलेली नाही. यांगोना, म्हणजे आमच्याकडचं मुळीचं पेय, घेतली आहे, दोन करवंट्या. पण ती पिऊन माणूस खोटं बोलत नाही, फक्त सावकाश बोलतो.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी बरंच काही विद्यापीठाला देऊन टाकलं होतं. नुकताच निवृत्तीचा समारंभ झाला होता, घड्याळ मिळालं होतं आणि मी हळवा झालो होतो. ते घड्याळ चार महिन्यांत बंद पडलं.

माझ्यामागे याची अंमलबजावणी वकीलबाई आशिका चंद यांनी करावी. या मजकुरातून त्यांनी विद्यापीठाचं नाव दोनदा खोडलं आहे आणि एका डॉक्टरांच्या नावाआधीचं एक विशेषणही. नाव खोडण्याला माझी हरकत नाही, विशेषण मात्र मेहनतीने शोधलं होतं.

कलम १. लामीचं घर, मागचा ताव्योकाच्या कंदांचा वाफा आणि बँकेत जे असेल ते पत्नी धनवती हिचं. तिच्यामागे मुलगा रोनील याचं. रोनील ब्रिस्बेनला घरं विकतो आणि दर रविवारी फोनवर आमच्या तब्येतीआधी छपराची चौकशी करतो. आई आहे तोवर त्याने छपराकडे बघू नये. बघायचंच असेल तर स्वयंपाकघरातला नळ बघावा. बाप इंजिन-मिस्त्री असून तो अकरा वर्षं गळतो आहे.

कलम २. पदवीचं प्रमाणपत्र, चौकटीसह, भिंतीवरच राहू द्यावं; मागे भोक आहे.

पण ते तिथे कसं आलं हे रोनीलच्या मुलांना ठाऊक असावं. माझे वडील राकीराकीला ऊस तोडायचे. मी आठवीपर्यंत शिकलो आणि पंधराव्या वर्षी वालू बेच्या गोदीत लागलो. तिथे मला एकच भांडवल सापडलं: कान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की कोणत्या सिलिंडरचं दुखतंय ते मला कळायचं. बंदरात शिरणाऱ्या बोटीचं बेअरिंग गेलंय हे मी धक्क्यावर रोटी-भाजी खाता खाता सांगायचो. चाळिसाव्या वर्षी, माझ्याहून निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून, पदवी घेतली. तीन वर्षांनी त्याच विद्यापीठाने मला शिकवायला ठेवलं आणि दारावर पाटी लावली. पहिला आठवडा मी रोज पाच मिनिटं लवकर जाऊन ती पाटी वाचत असे. हे कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगून झालं.

कलम ३. माझे बावीस 'अध्यापन-चिंतन अहवाल' डॉ. क्लाइव्ह पेंडरगास्ट यांना द्यावेत. हे अध्यापन-सुधार केंद्राचे प्रमुख होते, आता अधिष्ठाता आहेत. दर डिसेंबरात प्रत्येक शिक्षकाने एका फॉर्मवर दोनशे शब्दांत लिहायचं: या वर्षी शिकवताना मी काय शिकलो?

पहिल्या वर्षी मी लिहिलं, "विद्यार्थी उशिरा येतात." फॉर्म परत आला आणि मागोमाग डॉक्टर आले.

"बिसनाथ, तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीत."

"मी वेळेवर येतो. त्यात लिहिण्यासारखं काय?"

"शिकवताना तुमच्या मनात काय चालतं, ते हवंय."

"इंजिनाच्या तासाला माझ्या मनात इंजिन चालतं, डॉक्टर. बंद पडलं तर कळवीन."

मग धनवतीने एक अहवाल रचून दिला. त्यात 'प्रवास' हा शब्द चार वेळा होता. तो मी तारीख बदलून पंधरा वर्षं दिला. एकदा तारीख बदलायची राहिली, तर शेरा आला, "यंदाचं चिंतन विशेष प्रगल्भ." डॉक्टरांनी ते बावीसही अहवाल आता निवांत वाचावेत. फार वेळ लागणार नाही.

कलम ४. 'वर्षातील चिंतनशील अध्यापक, २००९' असं कोरलेली काचेची ढाल. ही मी गेली काही वर्षं शेडचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावत आलो आहे. ती तिथेच राहावी. ती कशी मिळाली ते मात्र इथे शपथेवर लिहितो, कारण हा सगळा कागद करणं त्यासाठीच आहे.

त्या वर्षी मी जोडीने द्यायची परीक्षा काढली. वर्गातल्या तीन सिलिंडरच्या जुन्या डिझेल इंजिनात, ज्याला सगळे म्हातारी म्हणायचे, मी एक बिघाड करून ठेवायचो. एकाने कान लावायचा, दुसऱ्याने पाना धरायचा. कानवाल्याने पान्याला हात लावायचा नाही, पानेवाल्याने कान लावायचा नाही. म्हणजे बोलावंच लागेल. बिघाड शोधण्याला दहा गुण, सहकार्याला दहा. एकाही रकान्यात शून्य आलं तर नापास. जोड्या हजेरीपटाच्या क्रमाने. मला ही कल्पना फार आवडली होती. स्वतःची कल्पना आवडणं हे इंजिनात पाणी शिरण्यासारखं आहे. सुरुवातीला आवाज छान येतो.

उनाइसी वुएती आणि पेथेली वुकी हजेरीपटावर एकाखाली एक होते. दोघं कान्दावू बेटावरचे. उनाइसीचा कान माझ्या तोडीचा होता. मी तिला हे सांगितलं नाही, कारण तेव्हा मला ते आवडलं नव्हतं.

तिने स्क्रूड्रायव्हर लावला. अर्ध्या मिनिटात तिला कळलं, हे मला तिच्या खांद्यांवरून दिसलं. मग ती जमिनीकडे बघत उभी राहिली. पेथेली हातात पाना घेऊन छताकडे बघत उभा.

"अगं, सांग त्याला," मी म्हणालो.

तिने स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला.

"पेथेली, विचार तिला."

"हो सर," पेथेली म्हणाला, आणि विचारलं नाही.

मी तासभर तिथेच, हाताची घडी घालून. पंचावन्नाव्या मिनिटाला उनाइसी फळ्यापाशी गेली, खडू घेतला, तीन नंबर सिलिंडरच्या इंधन-नळीच्या नटावर एक रेघ मारली आणि बाजूला झाली. पेथेली पुढे आला. त्याने तो नट सैल केला, म्हणजे त्या सिलिंडरचं इंधन तोडलं. इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही, म्हणजे दुखणं त्याच सिलिंडरचं. अचूक.

मी लिहिलं: बिघाड शोधणे दहा, सहकार्य शून्य. शेरा: "खुणा करणे म्हणजे संवाद नव्हे." दोघं नापास.

त्या डिसेंबरात आयुष्यात पहिल्यांदा मी चिंतन-अहवाल स्वतः, मनापासून लिहिला. जोडीच्या परीक्षेने मुलांना एकमेकांचं ऐकायला कसं शिकवलं, यावर. त्याला ढाल मिळाली.

पेथेलीने पुढच्या वर्षी दुसऱ्या जोडीदाराबरोबर परीक्षा दिली आणि सुटला. उनाइसी परत आली नाही. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली आणि विसरलो.

कलम ५. माझी बोट, इंजिनासह, ज्याची होती त्याला म्हणजे शेजारी रातू इलाइसा यांना परत. ते दर ख्रिसमसला विचारतात.

या बोटीतून दोन वर्षांपूर्वी धनवती, रातू इलाइसा आणि मी कान्दावूला एका लग्नाला गेलो. परतायच्या दिवशी, अजून किनाऱ्यालाच होतो, इंजिन खोकायला लागलं. मी कान लावला. काही ऐकू येईना. बहात्तराव्या वर्षी कान गेला, हे मला त्या दिवशी कळलं. घरच्यांना आधीपासून ठाऊक होतं. गावातून, त्याच लग्नाला आलेला पेथेली धावत आला, आणि गुडघाभर पाण्यातून उनाइसी. तिने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टेकवला आणि रातू इलाइसांना म्हणाली, "दोन नंबर. त्यांना सांगा, नट हळू फिरवा, झिजलाय."

पेथेली तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तोही रातूंनाच म्हणाला, "विचारा, किती फिरवू?"

"अर्धा फेरा म्हणावं."

"अरे, ती समोर उभी आहे," मी म्हणालो. "तूच विचार की तिला."

पेथेली पाण्याकडे बघत म्हणाला, "सर, बहीण आहे."

"सख्खी?"

"आमचे बाप सख्खे भाऊ."

आडनावं वेगळी, कारण प्रत्येकाने आपापल्या बापाचं नाव लावलेलं. आणि या बेटांवरच्या मूळ लोकांत चुलत भाऊबहीणही सख्ख्यासारखेच. मोठे झाले की एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. तो अबोला नव्हे, तो मान आहे. मधे कोणीतरी लागतं. परीक्षेच्या त्या खोलीत मधे उभा राहू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो हाताची घडी घालून गुण कापत होता.

"तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी उनाइसीला विचारलं.

"तुम्ही शिक्षक. तुम्ही जोडी लावलीत. शिक्षकाला काय सांगायचं?" ती म्हणाली. मग हात पुसत, "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, सर. तुम्ही आमच्या भाषेत विनोद करायचात."

धनवती बोटीत टोपली धरून बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमचा जन्म याच देशातला ना?"

उनाइसी पंधरा वर्षं आंतरबेट फेरीबोटींवर मदतनीस आहे. प्रमाणपत्रवाले इंजिनियर अडले की तिला बोलावतात, ती ऐकून सांगते आणि नोंदवहीत सही ते करतात. इंजिनियरचा परवाना पदवीशिवाय मिळत नाही. पदवीत एक विषय कमी आहे. तो विषय माझा.

कलम ६. मी विद्यापीठाला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की गुणबदलाच्या फॉर्मवर तीनच कारणं आहेत: बेरीज चुकली, पान हरवलं, विद्यार्थी आजारी. परीक्षक मूर्ख होता यासाठी चौकोन नाही. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. तिसरं मी सविस्तर लिहिलं, वर लिहिलं आहे तसंच, आणि डॉ. पेंडरगास्ट यांचा स्वतः फोन आला.

"बिसनाथ, पत्र वाचलं. काय चिंतन आहे! आपण ते वार्षिक पुस्तिकेत घेऊ या."

"आणि गुण?"

"गुणांचं अवघड आहे. पण नावं बदलून घेऊ, काळजी करू नका."

पुस्तिका छापून आली. पान सात. शून्य तिथेच.

म्हणून मी परीक्षक या नात्याने इथे जाहीर करतो की २००९ सालचं ते शून्य चूक होतं, आणि चूक सर्वस्वी माझी होती. त्या दोघांनी एक शब्द न बोलता एकमेकांना जेवढं सांभाळलं तेवढं मी बावीस वर्षांत कोणा सहकाऱ्याला सांभाळलेलं नाही. पत्र फायलीत जातं. मृत्युपत्र कोर्टात जातं आणि तिथे ते वाचावंच लागतं.

कलम ७. शेडमधली माझी सतरा इंजिनं. यांत १९३८ सालचं एक आहे, तसं सबंध पॅसिफिकमध्ये दुसरं चालू नाही. विद्यापीठाने माहितीपत्रकात 'गयादीन इंजिन संग्रह, लवकरच' असं छापून टाकलं आहे. मी अजून मेलेलो नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं असावं.

ही सतराही इंजिनं विद्यापीठाला मिळतील. अट एकच: माझ्या मृत्यूपासून नव्वद दिवसांच्या आत उनाइसी वुएती हिचा तो निकाल दुरुस्त होऊन पदवी तिच्या हातात पडावी. नाही पडली तर एक्याण्णवाव्या दिवशी सगळी इंजिनं विद्यापीठाच्या रस्त्यापलीकडच्या तंत्रशाळेला, वाजतगाजत, अधिष्ठात्यांच्या खिडकीखालून न्यावीत. मिरवणुकीचा खर्च माझ्याकडून. माझ्या हयातीतच निकाल दुरुस्त झाला तर मी इंजिनं स्वतः पोचवीन आणि हे कलम आनंदाने फाडीन.

कलम ८. यांगोनाची लाकडी परात, तानोआ, विद्यापीठाच्या शिक्षक-खोलीला, बिनशर्त. शिकवताना काय शिकलो हे शुक्रवारी दुपारी तिच्याभोवती बसून बोलावं. फॉर्मवर माणूस शहाणाच दिसतो.

माझ्या अंत्यविधीला भाषणं नकोत, पडद्यावर फोटो नकोत. आलेल्यांना अभिप्रायाचा फॉर्म दिल्यास मी उठून बसेन.

कलम ९. तो लांब स्क्रूड्रायव्हर या कागदात नाही. तो उनाइसीला ठेवायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि साक्षीला मला तीच हवी होती. "आणि गुण?" मी विचारलं. "गुण ही मालमत्ता नाही," त्या म्हणाल्या. मग स्क्रूड्रायव्हर मी गेल्या शुक्रवारी तिच्या हातात दिला. जिवंतपणी दिलेलं कोणी मोजत नाही. ती म्हणाली, "सर, मूठ सैल झालीय." मी म्हणालो, "कोणाची?" त्यावर ती पहिल्यांदा हसली.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, धनवतीने ऐकला, आणि दोन साक्षीदार एकाच वेळी एकाच खोलीत हजर असताना मी खाली सही करतो.

(सही) बिसनाथ गयादीन

साक्षीदार:
१. (सही) उनाइसी वुएती, फेरीबोट मदतनीस, कान्दावू
२. (सही) पेथेली वुकी, सागरी इंजिनियर, वालू बे

स्थळ: लामी. दिनांक: १४ सप्टेंबर २०२४.

(यापुढचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही, असं वकीलबाई म्हणतात. राहू द्यावा.)

दोघांसाठी पेन एकच होतं. मी या वेळी घडी सोडून, मधे पडायला तयार उभा होतो. गरज लागली नाही. उनाइसी व्हरांड्याकडे तोंड करून बसली होती, पेथेली स्वयंपाकघराकडे. तिने सही केली आणि पेन कागदावर आडवं ठेवलं, टोक बरोबर दुसऱ्या रेघेवर. ती उठून बाजूला झाली. तो आला आणि जिथे टोक होतं तिथे सही केली.

वेळ: चार मिनिटं, धनवतीचा चहा धरून.
सहकार्य: दहापैकी दहा.
परीक्षक: बि. गयादीन