एका मोबाईल नंबरावर दोन बहिणी

पिंप्राळा, शनिवार, संध्याकाळ

उद्या समाजाचा वधू-वर मेळावा, आणि पुस्तिका तर छापून झाली. दुपारी शिंदखेड्याहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. "भाऊ, मी बठ्ठं पुस्तक दखं. धाकलीनं नाव शे, मोठीनं नईच!" धाकटी पुस्तिकेत होती, मोठी गळाली होती.

पुस्तिकेसाठी कॉम्प्युटरवर माहितीचं टेबल मीच केलं होतं. प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख लागते, म्हणून मोबाईल नंबरालाच प्रायमरी की केलं, म्हणजे एका नंबरावर एकच नोंद. घरात नंबर बापाचा एक आणि मुली दोन, हे मला सुचू नये? मी स्वतः चार बहिणींचा भाऊ! दुसऱ्या बहिणीची नोंद करताना टेबल अडायचं, इंग्रजीत लांबलचक संदेश यायचा. मला वाटायचं, अर्ज दोनदा आलाय. संदेश बंद, अर्ज बाजूला. असे किती ठेवले असतील?

वडिलांना म्हणालो, "कॉम्प्युटरची चूक झाली, नाना."

संध्याकाळी वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्यापाशी, जीभ अडली. संदेश खराच सांगत होता. मीच वाचला नाही.

उठून फोन लावला. मोठीनंच उचलला. चूक माझी, उद्या स्टेजवरून तुझं नाव स्वतः वाचतो, म्हणालो.

ती हसली. "राहू द्या काका. तीन मेळाव्यांत नाव होतं, तेव्हा तरी कोण आलं? वाचायचंच तर धाकटीचं दोनदा वाचा."

मी तिचं नाव वाचणारच आहे. पण वाचल्यावर तिच्यासाठी विचारायला कोणीच उठलं नाही, तर तिच्याकडे बघायचं कसं?