आकडा उतरला तेव्हा

उस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदाच लिहिते आहे. वाशिमकडच्या मालेगावला तुमच्या गॅरेजात आले तेव्हा माझ्या हातात आयटीआयचा कागद होता. आसेगावहून वाशिमला एसटी बदलून आलेली मुलगी पाना धरणार, म्हणून समोरच्या हॉटेलातली माणसं चहा हातात धरून बघत होती. तुम्ही कागद वाचलाच नाही. "हात दाखव," म्हणालात. हात उलटसुलट पाहिले आणि म्हणालात, "नखं काप, अन् उद्यापासून ये."

तुमचं एक बोलणं मात्र मी विसरलेली नाही. एका मास्तरांची दोन स्ट्रोकची गाडी धूर फार फेकत होती. तुम्ही बाहेर गेला होतात. मी आवाज ऐकला, मोठ्या दिमाखात पेट्रोल कमी केलं आणि गाडी देऊन टाकली. वाशिम रोडवर ती तापली आणि तिचं इंजिन जाम झालं. मास्तर गाडी ढकलत परत आले, तेव्हा तुम्ही गाडी आत घेतलीत. ते गेल्यावर विचारलंत, "प्लग काढून पायला होता का?" मी म्हटलं, आवाज ठीक होता, उस्ताद. "आवाज बाहेरचा असते, पोरी. पोटातलं प्लग सांगते. काहून नाही पायला?" पुढच्या आठवड्यात तुम्ही एक भिंग आणून माझ्या हातावर ठेवलंत. "डोये आहेत ना? मंग वापर."

आता रिसोडला माझं स्वतःचं गॅरेज आहे. गावातला एक दूधवाला, सकाळी कॅन लटकवून शेतरस्त्यानं गाडी पिटाळणारा, मातीच्या ट्रॅकवर रेस खेळतो आणि त्याची रेसची गाडी मी बनवते. तुम्ही पाहिलं नाहीत असं एक यंत्र तिच्यावर आहे. जळलेला वायू सिलिंडरमधून ज्या नळीत येतो, त्या नळीत चार बोटांवर एक सुई बसवली आहे. आतली उष्णता किती, ते हँडलवरच्या डबीत आकड्यानं दिसतं. पेट्रोल कमी पडलं की आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो. आमची गाडी सव्वासहाशे अंशांवर सर्वांत जोरात पळते, हे मी दोन महिने रोज फेऱ्या मारायला लावून शोधलं.

यंदा सोयाबीन निघाल्यावर वाशिमबाहेरच्या मोकळ्या रानात रेस होती. पुण्या-नागपूरच्या गाड्या आल्या होत्या. वळणातून जरा लवकर उठावी म्हणून त्या सकाळी मी टायमिंग पुढे केलं, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडेल असं. सरावात आकडा पाचशे सत्तरवर आला. दूधवाला खूश. "ताई, गाडी मस्त पळून राह्यली, अन् इंजिन बी थंडं आहे! लहान जेट बसवून द्या." शेजारच्या तंबूतला पुण्याचा मिस्त्रीही म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय, ताई. एक नंबर लहान करा, उडेल गाडी."

लहान जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून इंजिनात पेट्रोल जातं तो पितळी तुकडा, माझ्या चिमटीत आहे. फायनलला वीस मिनिटं आहेत. आणि मला कळत नाहीये की पेट्रोल तेच, जेट तोच, मग उष्णता गेली कुठे? मी जेट खाली ठेवते आणि प्लग काढते. भिंगाखाली, प्लगच्या टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर, चांदीसारखे बारीक कण. पिस्टनचे. ठिणगी फार आधी पडत होती. आग नळीत जायच्या ऐवजी पिस्टनच्या डोक्यावर घण घालत होती. म्हणून नळी थंड. त्यात लहान जेट टाकला असता, तर दुसऱ्याच फेरीत पिस्टनला भोक पडलं असतं.

"मंग आता?" दूधवाल्यानं विचारलं.

"आता आकडा वाढवाचा."

मिस्त्री हसला. मी टायमिंग होतं तिथे मागे आणलं, नवा प्लग लावला. एका छोट्या चकरेत आकडा सहाशे तीसवर चढला. दूधवाला घाबरला. "ताई, तापून राह्यली ना!"

"तापू दे. आता बरोबर जागी तापून राह्यली."

पहिल्या फेरीत तो पाचवा होता. तिसऱ्या फेरीत तिसरा. मी दोरीला पोट लावून उभी, आणि प्रत्येक वळणावर ती गाडी असा काही उठाव घेत होती की माझ्या तोंडातून आपोआप शिव्या निघत होत्या, कौतुकाच्या. शेवटच्या वळणावर त्यानं आतली बाजू पकडली आणि नागपूरच्या गाडीला चाकभर मागे टाकून रेषा ओलांडली. पहिला! तो धुळीनं माखलेला, हेल्मेट काढायचंही विसरला आणि मला उचलायला धावला. पुण्याचा मिस्त्री आला, त्यानं तो जुना प्लग मागून घेतला आणि भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिला. "कुठं शिकलात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मालेगावले."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक खरं सांगून टाकते. त्यानं विचारलं तेव्हा मी गावाचं नाव सांगितलं, तुमचं नाही. लपवलं नाही, उस्ताद. त्या क्षणी मी स्वतःवरच इतकी खूश होते, की तुमची आठवण मला दुसऱ्या दिवशी दुपारी आली.