रंग गेलेलं पाणी

बाबा, मागच्या महिन्यात तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी सांगितलं होतं की माझ्या टाक्यातलं पाणी साफ झालं. ते चूक होतं. पाण्याचा रंग गेला होता, एवढंच खरं. रंग जाणं वेगळं आणि पाणी साफ होणं वेगळं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आई शेजारी होती, तिला कळावं म्हणून मी सोपं करून बोलले, आणि मागे उभ्या असलेल्या दादाने ते ऐकलं.

आपल्या मळ्याखालच्या नाल्यात आता कापड रंगवणाऱ्या एका शेडचं पाणी उतरतं, कधी लाल, कधी जांभळं. अमरावतीला पीएचडीसाठी मी ज्या पांढऱ्या पुडीवर काम करते, तिचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात, आणि ऊन लागलं की ते पाण्यातला रंग तोडायला लागतात. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेत दिव्याखाली झालं, आता खऱ्या उन्हात करून बघ. बार्शीटाकळीच्या उन्हाहून खरं ऊन कुठलं? मी मळ्याच्या बांधाला, धुऱ्याजवळ, उथळ टाकं बांधून घेतलं, पूड भाजून बसवलेल्या फरशा तळाला लावल्या आणि नाल्याचं पाणी सोडलं. दुपारी ते फिकं झालं, उन्हं कलताना फरशांमधल्या रेघा दिसायला लागल्या. शेजारचे काका म्हणाले, "पोरगी डॉक्टरीन होऊन राहिली म्हनतेत, पन सुई नाई टोचत, पानीच धुते." सगळे हसले. नमुन्याच्या बाटल्या घेऊन मी निघाले. टाक्यातलं पाणी वापरायचं नाही, खड्ड्यात सोडायचं, असं दादाला सांगितलं होतं. पण विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि तो पालक-कोथिंबिरीच्या जुड्या त्याच टाक्यात बुडवून अकोल्याच्या बाजारात पाठवू लागला.

त्याने तुमचीच रीत वापरली. जुड्या धुण्याआधी तुम्ही कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचात, बोटं हलवायचात, नखं स्पष्ट दिसली की म्हणायचात, चालते. एकदा मी आळसाने पालक नाल्यातच खंगाळून आणला, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्या जुड्या सोडायला लावल्यात आणि एकेक पान विहिरीच्या पाण्यातून काढायला लावलंत. "लोकाईच्या पोटात जाते हे," एवढंच म्हणालात. अजून डोळ्यांपुढे आहे: मी रडत पानं धुते आहे आणि तुम्ही शेजारी बसून केळीच्या सोपटाने जुड्या पुन्हा बांधता आहात, नजर वर न करता.

त्या बाटल्यांतल्या पाण्यात मी या आठवड्यात मूग भिजत घातले, आणि शेजारच्या वाटीत साध्या पाण्यात. साध्या पाण्यातल्या मुगांना बोटाच्या पेराएवढी मुळं आली. आपल्या टाक्याच्या पाण्यातले नुसते फुगले. ज्यांना मूळ फुटलं, त्यांचं टोक तपकिरी पडलं. रंग तुटला, पण त्याचे तुकडे पाण्यातच राहिले, आणि त्या तुकड्यांना रंग नाही. त्या पाण्यात तुमची नखं स्पष्ट दिसली असती, बाबा. हे तुम्हाला सांगायला मला फार जड जातं आहे.

मॅडम म्हणाल्या, पुन्हा करून बघ, एका वाटीवरून लोकांना घाबरवायचं नसतं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी काल दादाला फोन करून मुगांचं सांगितलं.

"तूच त म्हनली होती ना, साफ झालं मनून. आता काहून भेवून राहिली?"

मी म्हटलं, अजून तपासायचं आहे.

"मंग तपास ना. तवरोक का मातीचा पालक पाठवू? बाबाचं नाव हाय बाजारात, धुतल्या मालाचं."

मग तो हसला, तुझे मूगच किडके असतील म्हणाला. आणि मीही हसले. असतील, म्हणाले.

आज सकाळी वहिनीने एसटीने पिशवी पाठवली. टवटवीत पालक, देठाला मातीचा कण नाही. खोलीतली मैत्रीण विचारत होती, डाळीत घालू का? मी म्हटलं, सडका निघाला, आणि खाली जाऊन कचऱ्याच्या ड्रमात टाकून आले. जिना चढताना मधेच एका पायरीवर बसले. माझ्या ताटात नको म्हणून मी तो फेकला, आणि त्याच वेळी अकोल्यात कुणीतरी तोच पालक पोराबाळांसाठी चिरत असणार. तिथे बसल्यावर पुन्हा तपासेपर्यंत थांबायचं कारण मला उरलं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून गच्चीवर येऊन हे हळू आवाजात वाचते आहे. पाठवायचं कुठेच नाही. खरं सांगायचं तर दादापुढे बोलायची वाक्यं आधी तुमच्यापुढे म्हणून बघते आहे, आणि तुमच्यापुढेही ती पुरी म्हणता येत नाहीत. दादा चिडेल. सगळ्यांदेखत म्हणेल, हिच्या शिकण्यानं आपलं नाव घालवलं. कदाचित दुसऱ्या वेळी मूग नीट उगवतील आणि माझं हसू होईल. ते झालेलं मला चालेल, असं लिहिते आहे खरं, पण चालेल की नाही ते मला माहीत नाही. शनिवारच्या बाजाराचा माल दादा आदल्या दुपारी धुतो. त्याआधी मी तिथे असेन आणि टाकं रिकामं करेन, उद्या, शुक्रवारी.