बुधवारची ड्यूटी

२ जुलै २००७, सोमवार
रिटायर होऊन महिना झाला. आज निर्णय पक्का: उरलेलं आयुष्य दुःखी लोकांसाठी. इथं रायपूरच्या सदर बाजारात एका सराफाच्या दुकानाच्या वर 'हुंकार' नावाची हेल्पलाइन आहे. जीव नकोसा झालेली माणसं तिथं फोन करतात आणि व्हॉलंटिअर त्यांच्याशी बोलतात. बोलतात! हे काम माझ्यासाठीच काढलेलं दिसतंय. ऑफिसात माझ्या टेबलापाशी तक्रार घेऊन आलेला माणूस दुसऱ्यांदा कधी आला नाही.
वनमालाला सांगितलं. म्हणाली, "अहो, तुमी काहून जाऊन राहिले? ते लोक आधीच दुःखी असतेत."
बायकोला समाजसेवेतलं कळत नाही.

९ जुलै
ट्रेनिंग सुरू. शिकवणारी इरावती, आमच्या क्षमाच्याच वयाची. क्षमा दर रविवारी बंगलोरहून फोन करते, आईशी तासभर बोलते, आणि मी रिसीव्हर घेतला की तिकडचं नेटवर्क जातं. म्हणे आयटी सिटी.
इरावतीचे नियम: सल्ला द्यायचा नाही. स्वतःचं सांगायचं नाही. फक्त ऐकायचं. मग आम्ही कशाला? रिसीव्हर भिंतीला टेकवून ठेवा, भिंत पण ऐकते. नियम नवशिक्यांसाठी असावेत.

१३ जुलै
आज नाटकासारखा सराव. इरावती रडणारी बाई झाली, मी व्हॉलंटिअर. "मेरे पति मुझसे..." एवढं ती म्हणाली आणि मी तोडगा सांगितला. मग दुसरा. मग तिसरा, उदाहरणासकट. शेवटी तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. काय एकरूप झाली होती भूमिकेशी!
आणखी दोन आठवडे ट्रेनिंग वाढवून मिळालंय. बाकीच्यांना नाही. स्पेशल.

१ ऑगस्ट, बुधवार
पहिली ड्यूटी. इरावतीने बुधवारची दुपार दिली. म्हणाली, "काका, तेव्हा फोन कमी येतात." अनुभवी माणसाला आराम हवा, हे तिला समजतं.
पहिला फोन गॅस एजन्सी समजून केलेला. सिलिंडर आलं नव्हतं. मी विचारलं, भैया, आयुष्यात खरंच सिलिंडरचीच कमी आहे का? त्याने एक शिवी दिली. दुखावलेला माणूस असाच बोलतो.
दुसरा एका पोट्टीचा. मेडिकलची एन्ट्रन्स हुकली. मी तिला पीएससी, बीएड, बँक आणि पोस्ट, असे चार मार्ग सांगितले. "अंकल, मैं बाद में करती हूँ," म्हणून तिने फोन ठेवला. समाधान आवाजातच कळतं.

८ ऑगस्ट, बुधवार
आज खरा कॉलर भेटला. नाव पराग. मराठीच आहे, पण मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. या पिढीचं हे असंच. शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका स्टील कारखान्यात अकाउंट्स बघतो. पत्रिका छापून झाल्या आणि मुलीकडच्यांनी लग्न मोडलं. "कमरे पे जाने का मन नहीं करता, बाबूजी. नींद नहीं आती."
काहून रे बाबा, असं विचारलं आणि तो सांगणार तेवढ्यात मला माझं आठवलं. रायपूर राजधानी झालं, तेव्हा भोपाळहून साहेबांचा लोंढा आला, आणि माझी हेडक्लार्कची खुर्ची गेली तिकडच्या एका पोट्ट्याला. सगळं सांगितलं, खुर्चीच्या गादीसकट. परागने मधे एकदाही तोडलं नाही. उलट विचारलं, "फिर आपने क्या किया?"
असे कॉलर मिळाले तर काम किती सोपं.

२२ ऑगस्ट, बुधवार
परागचा फोन. गेल्या बुधवारी झेंडावंदनाची सुट्टी होती तरी मी जाऊन बसलो होतो, तेव्हाही त्याने केला होता. माणूस माझ्यावर विसंबलाय. इरावती म्हणते, एकाच व्हॉलंटिअरची सवय लागू देऊ नका, काका. जळते.
आज माझे गुडघे आणि क्षमा, हे दोन विषय झाले. तो म्हणाला, "बाबूजी, दीदी को आप ही फोन लगा लिया करो." समजूतदार पोट्टा. अधूनमधून 'मन बहुत भारी है' म्हणत होता. मी म्हटलं, हव, हवाच तशी आहे.
गुरुवारच्या ड्यूटीवर शिशिर नावाचा एक मुलगा असतो. एक दिवस बाजूला बसून ऐकलं. फोनवर नुसतं 'हं', 'मग?', 'सांगा'. याला ट्रेनिंगमध्ये पास कोणी केलं?

२९ ऑगस्ट, बुधवार
परागचा फोन नाही.
फोनच बिघडला असेल, म्हणून मोबाइलवरून रिंग देऊन बघितली. वाजला.
इरावती बिलासपूरला गेलेली. विचारायचं कोणाला? मग आठवत बसलो, मागच्या वेळी तो काय म्हणाला होता. मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवलं. त्याचं एकच वाक्य आठवलं. मन बहुत भारी है. आणि त्यावर मी हवामान सांगितलं होतं.
वनमालाने विचारलं, काहून जेवून नाही राहिले?

३० ऑगस्ट, गुरुवार
कॉलरला शोधायला जाणं नियमाविरुद्ध आहे. गेलो.
स्कूटरने उरला. गेट, ट्रक, धूळ. पुढचं गेट, ट्रक, धूळ. प्रत्येक गार्ड विचारे, पराग कौन, पूरा नाम? पूर्ण नाव मी विचारलंच नव्हतं. एकाने मला बँकेचा वसुलीवाला समजून हाकललं. दुसऱ्याने लेबर इन्स्पेक्टर समजून चहा दिला. मग स्कूटर पंक्चर.
लालेलाल होऊन तसाच सदर बाजारात गेलो. इरावती परत आली होती. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, पराग ठीक आहे. सकाळीच त्याचा फोन होता. बाबूजी को बता देना, नहीं तो परेशान होंगे, म्हणाला."
मागच्या गुरुवारी त्याचं मन फार वाईट झालं होतं. त्याने इथंच फोन केला. त्याचा मोठा भाऊ पोचेपर्यंत शिशिर लाइनवर होता. भावाने डॉक्टरकडे नेलं, औषध सुरू झालं, आता भावाकडेच दुर्गला आहे.
शिशिर. तो 'हं'वाला.
मी म्हटलं, पण गुरुवारी कसा? तो तर बुधवारचा. मग इरावतीकडून कळलं की तो पहिल्यापासून दर गुरुवारी फोन करायचा. आपलं मन गुरुवारी मोकळं करायचा.
"मग बुधवारी काहून?" मी विचारलं.
"त्यालाही आम्ही हेच विचारलं, काका. तो म्हणाला, बुधवार वाले बाबूजी बहुत अकेले हैं. मैं नहीं करूँगा तो वो किससे बात करेंगे?"
डोळ्यांत धूळ गेली होती. उरल्याची धूळ फार वाईट.

६ सप्टेंबर, गुरुवार
इरावतीने काढून टाकलं नाही. पुन्हा ट्रेनिंग, आणि तोवर शिशिरशेजारी गप्प बसायचं. बसलो. गप्प बसलं की उचकी लागते, ही नवीन माहिती.
परागचा फोन आला. शिशिर 'हं', 'मग?' करत राहिला, आणि तिकडून तो बोलत होता, बोलतच होता. त्याच्याजवळ इतकं बोलायला होतं, हे मला माहीत नव्हतं. शेवटी शिशिरने रिसीव्हर माझ्या हातात दिला.
"बाबूजी, कैसे हैं आप?"
सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गुडघे, पंक्चर, वसुलीवाला. ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "ठीक हूँ. तुम बताओ."
आणि थांबलो.
मग तो घाबरून म्हणाला, "बाबूजी, तबियत तो ठीक है ना?"
मी ठणठणीत आहे, हे त्याला पटवता पटवता बाकीचा वेळ गेला. पटलं नाही. डॉक्टर को दिखा लीजिए, म्हणाला.