टेकाडावरच्या ताटल्या

डाकोटा, ऑगस्ट १९५२

आई,

तुझा ओझी सुखरूप आहे. इथली हवा कोरडी आहे. माझा खोकला गेला. इथल्या माळावर शिकारीची कुत्री चांगली तयार होताहेत. लूलाचं बाळ रांगायला लागलं का?

रविवारी नवे मालक, वँडिव्हरसाहेब, कुत्री बघायला आले. मिस कोरीननी आपल्याकडची लाव्यांच्या शिकारीची सगळी जागा त्यांना विकली. पाइनचं रान, घोडे, कुत्री, सगळं. माझ्या जोडीला कामावर असलेला रूफस माझ्या कानात कुजबुजला, “आपण कशात रे, घोड्यांत की कुत्र्यांत?”

मी म्हणालो, “कुत्र्यांत म्हण. जेवण बरं मिळेल.”

आजोबा तिथे पहिल्या मालकाचे, कर्नलचे गुलाम होते. बाबांनी हॅल्स्टेडसाहेबांची कुत्री सांभाळली, मी त्यांच्या मुलीची, मिस कोरीनची. मालक बदलत गेले, पण आपल्या घराला कुणी हात लावला नाही. हे साहेब घराबद्दल काही बोलले नाहीत.

मला मात्र त्यांनी विचारलं, “तिकडे तुमच्या घराजवळच्या टेकाडावर फुटक्या ताटल्या कशाला पसरल्यात? तिथे लाव्यांसाठी दाणा पेरायचाय.”

“माझे वडील आहेत तिथे, साहेब. आमच्यात कबरीवर फोडलेल्या ताटल्या मांडतात.”

“नकाशात तर काही नाही.”

टेकाडावरची जमीन सप्टेंबरात नांगरणार आहेत. मला ऑक्टोबरपर्यंत इथून सोडणार नाहीत. तू घाबरू नकोस. फक्त नाताळला काढतेस त्या पांढऱ्या ताटल्या फोड आणि बाबांच्या भोवती मांड. एकही मागे ठेवू नकोस. ट्रॅक्टरवरून दिसल्या पाहिजेत.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
ओझी